नियंत्रण प्रणाली

नियंत्रण प्रणाली : यंत्राचा वेग, भट्टीचे तापमान, टाकीतील पातळी, जहाजाची दिशा यांसारखी एखादी राशी इष्ट मूल्यावर राखणारी किंवा ठरवून दिलेल्या क्रमाने बदलणारी रचना.

प्रकार : ओपन लूप म्हणजे खुल्या प्रणालीत परिणाम मोजला जात नाही. ठरावीक वेळेवर चालणारा चौकातला सिग्नल रस्ता रिकामा असला तरी लालच राहतो. क्लोज्ड लूप म्हणजे बंद प्रणालीत परिणाम सतत मोजून इष्ट मूल्याशी ताडला जातो. दोहोंतील फरक म्हणजे त्रुटी. ती कमी होईल अशा बेताने आदान बदलले जाते. परिणामाची माहिती अशी मागे पोहोचवण्याला प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतात. गीझरचा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो.

गव्हर्नर : जेम्स वॉटने 1788 च्या सुमारास वाफेच्या एंजिनाला जोडलेला गव्हर्नर हे बंद प्रणालीचे अभिजात उदाहरण होय. त्यातल्यासारखे फिरते गोळे पवनचक्क्यांत त्याआधीच वापरात होते. एंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, दांड्यांमार्फत वाफेची झडप आवळली जाते आणि वेग उतरतो. मात्र भार वाढल्यावर झडप अधिक उघडी राहायची तर गोळ्यांना थोडे खालीच राहावे लागते. त्यामुळे नवा स्थिर वेग पहिल्यापेक्षा किंचित कमी भरतो. हा फरक घटवण्यासाठी गव्हर्नर फार संवेदनशील केला, तर दुरुस्ती उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त होऊन वेग सतत वरखाली होतो. याला हंटिंग म्हणतात.

स्थिरता : जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने 1868 मध्ये गव्हर्नरवरील निबंधात या दोषाचे गणित मांडले. रेषीय प्रणालीच्या लाक्षणिक समीकरणाच्या सर्व मुळांचे वास्तव भाग ऋण असतील, तरच धक्क्याने उठलेली आंदोलने विरून जातात. मुळे न काढता हे ताडण्याच्या कसोट्या एडवर्ड राउथ (1877) व अडोल्फ हुर्विट्झ (1895) यांनी दिल्या. प्रवर्धकांसाठी हॅरी नायक्विस्टने 1932 मध्ये वारंवारतेवर आधारित कसोटी मांडली.

पीआयडी नियंत्रण : जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचा अभ्यास करताना निकोलस मिनॉर्स्कीने 1922 मध्ये या त्रिपदी नियंत्रणाचे विश्लेषण केले. समप्रमाणी पद सध्याच्या त्रुटीवर चालते. समाकलन पद साचत गेलेली त्रुटी धरून उरलेला फरक घालवते. अवकलन पद त्रुटी बदलण्याचा वेग पाहून आंदोलनांना आवर घालते. मात्र मोजमापातील गोंगाटही तेच वाढवते. कारखान्यांत आजही हीच पद्धत सर्वाधिक रूढ आहे.

उरणारा फरक नेहमीच दोष ठरत नाही. वीज केंद्रांत भार वाढताच वेग किंचित उतरावा, अशीच गव्हर्नरची मांडणी मुद्दाम केलेली असते. तिच्यामुळे 50 हर्ट्‌झच्या एकाच जाळ्याला जोडलेली जनित्रे वाढलेला भार आपापल्या क्षमतेनुसार वाटून घेतात. प्रत्येक गव्हर्नर स्वतंत्रपणे अचूक वेगाचा हट्ट धरू लागला, तर भाराची वाटणी निश्चित राहत नाही.