आखूड रिकिबीची मांड

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे शेवटच्या चारशे मीटरमध्ये शिरले, की स्टँडमधली प्रत्येक नजर घोड्यांवर खिळते. एखाद्या शर्यतीत दुर्बीण जरा वर उचलून जॉकीकडे पाहावं. तो खोगिरावर बसलेलाच नसतो. पाठ जमिनीला समांतर, गुडघे घोड्याच्या खांद्यांच्या उंचवट्याशी भिडलेले, हनुवटी आयाळीपासून वीतभर अंतरावर. रिकिबीचे पट्टे इतके आखूड, की पाय खाली लोंबत नाहीत, दुमडून पोटाशी येतात. रिकिबीत फक्त चवडे टेकलेले. शर्यतीचं हलकं खोगीर जेमतेम अर्ध्या किलोचं. त्याचा उपयोग बसण्यासाठी नाहीच, रिकिबी अडकवण्यापुरता. बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते. तेवढ्या वेळात घोडा दीडशेहून अधिक झेपा टाकतो आणि त्या सगळ्या झेपा जॉकी उकिडव्याने, दोन चवड्यांवर अंग तोलून काढतो.

सपाट शर्यतीतल्या, म्हणजे उड्यांचे अडथळे नसलेल्या शर्यतीतल्या जॉकीची ही मांड आज टोकियोपासून मेलबर्नपर्यंत सारखीच दिसते. त्यामुळे शर्यती सुरू झाल्या तेव्हापासून ती अशीच असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात इंग्लंडच्या रेसकोर्सवर तिने जम बसवला तो १८९५ ते १९१० या पंधरा वर्षांत. त्याआधी पिढ्यान् पिढ्या इंग्लिश जॉकी ताठ बसून, लांब रिकिबीत पाय सोडून घोडा पळवत होते. गुडघ्यांची पकड खोगिरावर, शरीराचा भार घोड्याच्या पाठीच्या मध्यावर, आणि शेवटच्या टप्प्यात चाबूक व टाचांचा मारा. शिकारीच्या घोड्यावर जशी बैठक, तशीच शर्यतीच्या घोड्यावर.

त्या जुन्या बैठकीचा सर्वांत मोठा धनी फ्रेड आर्चर. १८७४ पासून १८८६ पर्यंत सलग तेरा वर्षं तो इंग्लंडचा अव्वल जॉकी होता. एकूण २,७४८ विजय आणि पाच एप्सम डर्बी त्याच्या नावावर आहेत. उंची मात्र पाच फूट दहा इंच. एवढ्या उंच माणसाचं वजन जॉकीच्या मापात बसवण्यासाठी तो उपाशी राहायचा, कडक जुलाब घ्यायचा. १८८६ च्या शरद ऋतूत एका मोठ्या शर्यतीसाठी त्याने अंग असंच वाळवलं, ती शर्यत थोडक्यात गेली, पाठोपाठ ताप चढला. त्या तापाच्या भ्रमात, आदल्या काही वर्षांत पत्नीही गमावलेल्या आर्चरने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय २९. इंग्लंड हळहळलं, पण त्याच्या बैठकीत काही कमी असेल, अशी शंका कुणाला आली नाही. जो सर्वांत जास्त जिंकतो त्याची मांड तीच खरी मांड, असा साधा हिशेब होता.

आखूड रिकीब जगाला नवी नव्हती. उत्तर आफ्रिकेतले झनाता बर्बर स्वार गुडघे दुमडून घोड्यावर बसत. त्यांच्यावरूनच स्पेनमध्ये त्या पद्धतीला 'जिनेता' हे नाव पडलं. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांवरचे स्वार रिकिबीत उभे राहून धावत्या घोड्यावरून बाण सोडत. इंग्लिश रेसकोर्सवर मात्र आखूड रिकीब आली ती अमेरिकेतून, आणि अमेरिकेत ती ज्यांच्या पायांत होती त्यांची नावं बहुतेक कुठे लिहिलेलीच नाहीत.

व्हर्जिनिया, कॅरोलिना, केंटकी या भागांत घोड्यांची निगा राखायची ती गुलामांनी. तबेल्यातच वाढलेली काळी मुलं पहाटे घोडे फिरवायची आणि मालकांच्या पैजांसाठी ते पळवायचीही. धड खोगीर प्रत्येकाच्या वाट्याला येत नसे. उघड्या पाठीवर किंवा घोंगडीवर बसलेलं हलकं पोर घोडा उधळला की पुढे सरकून आयाळ पकडणार, मानेशी चिकटणार. आखूड रिकिबीच्या मांडीचं मूळ इथे आहे, असं बरेच इतिहासकार मानतात. गुलामगिरी संपल्यावर हीच मुलं आणि त्यांची मुलं व्यावसायिक जॉकी झाली. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत पंधरा जॉकींपैकी तेरा काळे होते आणि जिंकणारा ऑलिव्हर लुइसही त्यांच्यातलाच. आयझॅक मर्फीने पुढे तीच डर्बी तीनदा मारली.

याच परंपरेतला विली सिम्स. जन्म १८७० चा, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टाचा. अमेरिकेतली बेलमाँट स्टेक्स ही शर्यत त्याने १८९३ आणि १८९४ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. १८९५ साली न्यूयॉर्कचे राजकारणी रिचर्ड क्रोकर आणि त्यांचे भागीदार मायकेल ड्वायर आपले घोडे घेऊन इंग्लंडला गेले, तेव्हा जॉकी म्हणून सिम्सला बरोबर नेलं. न्यूमार्केटच्या मैदानावर इंग्लिश प्रेक्षकांनी त्याची ही आखूड रिकिबीची मांड पहिल्यांदा पाहिली आणि तिची टर उडवली. सिम्सने तिथे शर्यत जिंकूनही दाखवली. पण क्रोकर-ड्वायर यांचे बाकीचे घोडे चालले नाहीत, काही महिन्यांत सिम्स परतला आणि इंग्लंड ती गोष्ट विसरलं. मायदेशी त्याने १८९६ आणि १८९८ ची केंटकी डर्बी मारली, १८९८ ची प्रीकनेसही. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकणारा तो आजवरचा एकमेव काळा अमेरिकन जॉकी आहे.

सिम्सच्या इंग्लंडवारीनंतर दोन वर्षांनी, १८९७ च्या शरद ऋतूत, टॉड स्लोन इंग्लंडला पोचला. जेम्स फोरमन स्लोन हे त्याचं पूर्ण नाव. इंडियाना राज्यातला, गोरा, अंगाने अगदी बुटका. आखूड पायांवरून लहानपणी त्याला बेडूक म्हणून चिडवत, त्यातूनच 'टॉड' हे नाव चिकटलं. सुरुवातीला त्याला घोड्यांची भीती वाटायची आणि जॉकी म्हणून तो सामान्यच होता. १९१५ मध्ये छापलेल्या आत्मकथेत त्याने आपल्या मांडीचा जन्म सांगितला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत शर्यतीच्या सुरुवातीच्या खांबाकडे जाताना त्याचा घोडा उधळला. त्याला आवरायच्या धडपडीत स्लोन खोगिरातून उठून थेट मानेवर गेला. शेजारचा जॉकी ह्यूई पेनी खो-खो हसला, स्लोनही हसला. पण हसता हसता त्याला जाणवलं, की अंगाखालच्या घोड्याची झेप मोकळी झाली आहे. मग दोघांनी मिळून सरावात हा प्रकार करून पाहिला आणि हळूहळू स्लोनने तो शर्यतीत उतरवला.

प्रसंग खरा असेलही. पण सिम्स आणि त्याचे सोबती त्याच काळात, त्याच देशात आखूड रिकिबीवर घोडे पळवत होते. स्लोनला जे एका क्षणी सुचलं, ते त्यांच्या अंगात आधीच मुरलेलं होतं.

स्लोनचं खरं कर्तृत्व वेगळं आहे. त्याने ही मांड इंग्लंडच्या गळी उतरवली. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला काठीवर चढणारं माकड म्हटलं, कारण तसं एक खेळणं तेव्हा बाजारात होतं. उत्तर त्याने निकालांनी दिलं. १८९८ मध्ये न्यूमार्केटला त्याने एकाच दिवशी पाच शर्यती मारल्या. इंग्लंडच्या मोठ्या शर्यतींपैकी १८९९ ला वन थाउजंड गिनीज, १९०० ला अ‍ॅस्कट गोल्ड कप. वेगाचा अंदाजही त्याच्याकडे पक्का होता. इंग्लिश जॉकी आधी रेंगाळत आणि शेवटी धूम ठोकत. अमेरिकेत घड्याळ लावून घोडे पळवायची सवय, त्यामुळे स्लोन सुरुवातीपासून मोजूनमापून वेग ठेवायचा. त्याच सुमारास अमेरिकन ट्रेनरांनी हलके नालही इंग्लंडला आणले आणि काहींनी घोड्यांना उत्तेजकंही दिली. त्यामुळे सगळं यश मांडीच्या खात्यावर टाकता येत नाही. तरी इंग्लिश मालकांना जे कळायचं ते कळलं. १९०० चा अव्वल जॉकी लेस्टर रीफ, अमेरिकन. पाठोपाठ डॅनी माहर, तोही अमेरिकन. त्याने तीन एप्सम डर्बी जिंकल्या आणि नव्या मांडीला जुन्या पद्धतीतल्या पायांच्या जोराची जोड दिली. ज्यांना जमलं त्या इंग्लिश जॉकींनी पट्टे वर घेतले, ज्यांना जमलं नाही त्यांना घोडे मिळेनासे झाले.

स्लोन स्वतः फार काळ टिकला नाही. सट्टा आणि पैशांच्या व्यवहारांवरून इंग्लंडच्या जॉकी क्लबने १९०० च्या अखेरीस त्याला बजावलं, की पुढच्या वर्षी परवान्यासाठी अर्जच करू नकोस. कारकीर्द तिथेच आटोपली. १९३३ मध्ये लॉस एंजलिसला तो वारला.

घोडा मोकळा का होतो, याचं नेमकं उत्तर २००९ साली मिळालं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या थिलो फाउ, अ‍ॅलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोडा आणि जॉकी दोघांच्या अंगावर संवेदक लावले आणि भरधाव धावेत कोण किती हलतं ते मोजलं. त्यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. चौखूर धावताना घोड्याचं धड सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक झेपेत ते वर-खाली होतं, पुढे झटका घेतं, किंचित अडखळतं. स्वार खोगिरावर बसला असेल तर त्याचे पन्नास-पंचावन्न किलो प्रत्येक झेपेत उचलायचे, ढकलायचे आणि पुन्हा थांबवायचे, हे काम घोड्यावर पडतं. उकिडवा जॉकी आपले गुडघे आणि घोटे सतत दुमडत-उलगडत राहतो, त्यामुळे घोड्याचा हेलकावा त्याच्या धडापर्यंत पोचतच नाही. डोक्यावर भरली घागर घेऊन चढ-उतारावरून चालणाऱ्या बाईचे पाय हलतात आणि घागरीतलं पाणी स्थिर राहतं, तसंच हे. घोडा वजन पेलतो, पण ते हलवण्याचे कष्ट वाचतात. जुन्या शर्यतींच्या नोंदी तपासल्यावर या अभ्यासकांना दिसलं, की ही मांड रुळली त्या काळात शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. जिथे हार-जीत नाकाच्या अंतराने ठरते, तिथे पाच टक्के म्हणजे मैदानभर अंतर.

पण हे कष्ट हवेत विरले नाहीत. घोड्याच्या पाठीवरून उतरून ते जॉकीच्या मांड्यांत, पोटऱ्यांत आणि कमरेत आले. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात उकिडवं राहून, हातांनी घोड्याच्या मानेच्या लयीबरोबर रेटा देत राहायचं. शर्यत संपेपर्यंत जॉकीच्या काळजाचे ठोके जवळपास कमाल मर्यादेला जातात. शिवाय या मांडीत पकड अशी नाही. लांब रिकिबीत मांड्यांनी घोडा आवळता यायचा. इथे सगळा भरवसा तोलावर. घोडा ठेचकाळला तर जॉकी थेट त्याच्या डोक्यावरून पुढे फेकला जातो आणि मागून बाकीचे घोडे येत असतात. म्हणून हेल्मेट आणि संरक्षक जाकीट सक्तीचं आहे, आणि म्हणूनच शर्यतीच्या मागोमाग रुग्णवाहिका धावते.

वजनाचा काच तर आर्चरच्या काळापासून सुटलेला नाही. शर्यतीआधी आणि नंतर जॉकीला खोगिरासकट काट्यावर उभं राहावं लागतं. नेमून दिलेलं वजन भरत नसेल तर शिशाचे तुकडे घालून भरती करता येते. जास्त भरलं तर त्याला उपाय एकच, उपास आणि घाम. डॅनी माहर १९१६ मध्ये क्षयाने गेला, वय अवघं ३५. उंचापुऱ्या लेस्टर पिगटने अंग त्रेपन्न किलोंच्या आसपास ठेवण्यासाठी जन्मभर जिभेवर ताबा ठेवला. नऊ एप्सम डर्बी आणि ब्रिटनमधले ४,४९३ विजय त्या अर्धपोटी शरीराने मिळवले. त्याची रिकीब स्लोनपेक्षाही आखूड होती.

आपल्याकडे ही मांड परदेशी जॉकींबरोबर आली. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं. १९४३ साली तिथे पहिली इंडियन डर्बी झाली ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुलने, आणि तिच्यावर होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. याच ब्रिटने १९४७ मध्ये इंग्लंडची सेंट लेजर जिंकली, पुन्हा गायकवाडांच्याच रंगात; त्या घोड्याचं नाव होतं सयाजीराव. पुढे पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशी मराठी नावं रेसच्या पुस्तकात जॉकीच्या रकान्यात झळकू लागली, आणि पेसी श्रॉफने आठ इंडियन डर्बी जिंकून इथल्या जॉकीची उंची वाढवली. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई, उजाडण्याआधी ट्रॅकवर कामाचे घोडे पळवायचे आणि दुपारी शर्यत, असा या मंडळींचा वर्षाचा फेरा. शिकाऊ जॉकीला ठराविक विजय मिळेपर्यंत वजनात सवलत असते, पण पट्टे किती वर घ्यायचे आणि तोल कसा सांभाळायचा, हे त्याला घोड्यावरच शिकावं लागतं.

एक हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे. ही मांड जगभर पसरत असतानाच अमेरिकेने काळ्या जॉकींना रेसकोर्सवरून हुसकून लावलं. गोऱ्या जॉकींनी त्यांना कठड्यावर दाबलं, मालकांनी घोडे देणं बंद केलं. १९२१ नंतर केंटकी डर्बीत पुन्हा काळा जॉकी दिसायला २००० साल उजाडावं लागलं. सिम्सला अमेरिकेच्या रेसिंग हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं ते १९७७ मध्ये. स्लोनचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. त्याने हसणाऱ्यांची तोंडं बंद केली, हे थोडं नव्हे. पण या मांडीचं कूळ सांगताना पहिलं नाव विली सिम्सचं घ्यायला हवं, आणि त्याच्याही आधी तबेल्यात वाढलेल्या त्या बिननावाच्या पोरांची आठवण ठेवायला हवी. आज घोडा जो पाच टक्के वेग मिरवतो, तो त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या प्रत्येक जॉकीने आपल्या अंगावर झेललेल्या भारातून आला आहे. म्हणूनच किमान वजनाची मर्यादा किती असावी, पडलेल्या जॉकीच्या उपचारांची आणि पुढच्या संसाराची तजवीज कुणी करावी, हे प्रश्न रेसिंगच्या कारभारात सर्वांत आधी यायला हवेत.