एक नियमावली, अनेक पट : पटावरील खेळांच्या नियमांचा इतिहास (सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

खेळाचा इतिहास लिहिताना खेळाडू, स्पर्धा व विक्रम यांची नोंद केली जाते; नियमांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. नियम हे जणू खेळाबरोबरच जन्माला आले आणि कायम तसेच राहिले, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. पटावरील खेळांचे नियम दीर्घकाळ गावोगावी, किंबहुना घरोघरी वेगळे होते. ‘सर्वत्र एकच नियम’ ही कल्पना त्या मानाने अलीकडची होय. एकच नियमावली सर्वांना लागू करावी, की प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र नियम असावेत, हा वाद आज भूमिका-खेळांच्या (म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे रंगवीत खेळावयाच्या खेळांच्या) संदर्भात पाश्चात्य देशांत चर्चिला जातो. तोच प्रश्न आपल्याकडे बुद्धिबळ व कवड्यांच्या पटाने कितीतरी आधी उपस्थित केला होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सोलापूर व लगतचा प्रदेश समोर ठेवून केला आहे.

कल्याणीचा दरबार आणि सोलापूरचे अंगण

सोलापूरचा परिसर ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, त्यांच्यापैकी राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने करावयाच्या विनोदांमध्ये या ग्रंथाने चतुरंग, फासे आणि कवड्या यांवरील खेळांना स्थान दिले आहे. राजधानी कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोलापूरहून ते फारसे दूर नाही. पटावरील खेळांविषयी इतके जुने लेखन याच मुलखात झाले, ही बाब स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक लक्षात घ्यावयास हवी. तथापि ग्रंथात लिहिलेला नियम हा दरबाराचा नियम होता. तो अंगणात खेळणाऱ्यांना बंधनकारक होता, असे मानण्यास आधार नाही.

अंगणातील खेळाचे उत्तम उदाहरण म्हणजे पाच-पाच घरांच्या पंचवीस घरांचा, खडूने किंवा कोळशाने फरशीवर आखलेला पट. कन्नडमध्ये यास चौकाबारा, तेलुगूमध्ये अष्टाचम्मा आणि मराठीत काही ठिकाणी चल्लस-आठ म्हणतात. सोलापुरात या तिन्ही भाषा पूर्वापार नांदत आहेत. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये निघाली, तेलंगणातून पद्मशाली विणकर येथे स्थायिक झाले, आणि कर्नाटकाची सीमा तर अक्कलकोटच्या पलीकडेच आहे. साहजिकच एकाच पटाला तीन नावे असलेले हे शहर आहे.

नावांबरोबर नियमही बदलतात. चार कवड्या टाकल्या असता चारही उताण्या पडल्यास चार आणि चारही पालथ्या पडल्यास आठ घरे मिळतात, यावर साधारण एकमत आढळते. परंतु प्रतिस्पर्ध्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येईल की नाही, एका घरात दोन सोंगट्या आल्या तर त्यांची जोडी मानावी की नाही, आणि अशी जोडी केवळ जोडीनेच मारता येते काय, याबाबत घरोघर निरनिराळी पद्धत असते. पट सात-सात घरांचा केला की कवड्यांची संख्याही बदलते. यास गोंधळ म्हणणे बरोबर होणार नाही. खेळणारे एकमेकांना ओळखत असत; डाव मांडण्यापूर्वी नियम ठरवून घेतले जात, आणि ठरवून घेण्याचे ते बोलणे हा खेळाचाच एक भाग होता.

या नियमांमागे हिशेबही आहे. कवडी उताणी वा पालथी पडण्याची शक्यता समान धरली, तर चार कवड्यांच्या सोळा शक्यतांपैकी सहा वेळा दोनचे दान पडते. चार व आठ मात्र प्रत्येकी एकदाच. म्हणूनच चार वा आठ पडल्यास पुन्हा खेळण्याची सवलत मोलाची ठरते. इंग्लंडमध्ये पचिसीवरून तयार झालेल्या आणि १८९६ मध्ये पेटंट मिळालेल्या ल्युडोत कवड्या जाऊन सहा बाजूंचा फासा आला. आता सहापासून एकपर्यंत सर्व दाने सारख्याच शक्यतेची झाली. पेटीबरोबर छापील नियम आले आणि ठरवून घेण्याचे कारण उरले नाही. छापील नियमाने खेळ सोपा व सार्वत्रिक झाला. मात्र कवड्यांचे गणित त्यातून निघून गेले.

देशी बुद्धिबळ आणि आंतरराष्ट्रीय नियम

नियमांच्या एकीकरणाचा खरा ताण बुद्धिबळात दिसून येतो. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकत असे. राजाला किल्ला करता येत नसे. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्याची चाल करण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्या घरात पोचले त्या घरचे मोहरे होई. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ते हवे ते मोहरे, बहुधा वजीर, होते. प्रतिपक्षाकडे एकटा राजा उरला की देशी खेळात तो डाव ‘बुर्ज’ म्हणून बरोबरीत संपे. त्यामुळे जिंकणाऱ्याला शत्रूची सर्व मोहरी मारून चालत नसे, काही शिल्लक ठेवून मात करावी लागे. आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. हे तपशील प्रांतोप्रांती बदलत. आरंभीच्या किती खेळ्या एकदम कराव्यात, याविषयीही भिन्न रूढी होत्या.

या दोन पद्धतींची गाठ पेशवाईच्या अखेरीसच पडली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर मुंबईत १८१४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच तो युरोपीय खेळपद्धतीस जुळवून घेतल्याचे नमूद होते. १९२४ मध्ये पॅरिस येथे जागतिक बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये आला आणि १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर व नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी स्पर्धात्मक बुद्धिबळाची परंपरा जोपासली. १९६१ मध्ये मॅन्युएल आरन हे पहिले भारतीय आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. सोलापूरच्या खेळाडूला मद्रासच्या वा मॉस्कोच्या खेळाडूशी खेळावयाचे असेल तर नियम एकच हवा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्याची किंमत होती. देशी बुद्धिबळातील डावाची सावकाश मांडणी, बुर्ज टाळण्याचे कौशल्य, प्याद्याच्या मातेची अनेक पिढ्यांनी रचलेली कूटे, हे सर्व ज्ञान एका पिढीत निरुपयोगी झाले.

भूमिका-खेळांतील वाद

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. पुढे कोणत्याही काळाच्या व विश्वाच्या कथेला चालेल अशी नियमावली करण्याचे प्रयत्न झाले. १९८६ मधील स्टीव्ह जॅक्सन यांची ‘गर्प्स’ ही त्यांपैकी सर्वांत ठळक. २००० मध्ये ‘डी-ट्वेंटी’ नियम इतर प्रकाशकांनाही खुले करण्यात आले. याउलट नियम कथेतूनच उगवावा, असे मानणारा पक्षही प्रबळ आहे. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या भयकथेच्या खेळात पात्राची मानसिक स्थिरता अंकांत मोजली जाते व भयानक दृश्यांनी ती घटत जाते. हा नियम काढून टाकला तर तो खेळच उरत नाही. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये सरदारांचे गुण, दोष व आवेग यांनाच अंक आहेत. विशेष म्हणजे या दोन्ही खेळांचा पाया एकाच समाईक नियमावलीचा आहे. म्हणजे समाईक पाया आणि स्वतंत्र नियम यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. चौकाबाऱ्याच्या पटावरही चार-आठाची मोजणी समाईक आणि जोडीचा नियम घरचा, अशीच रचना होती.

बुद्धिबळात मात्र अशी तडजोड झाली नाही. देशी नियमांवर वाढलेले पंजाबचे मीर सुलतान खान १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेते झाले आणि १९२९ मध्ये लंडनला गेले. नव्या नियमांत डावाच्या आरंभी ते अडखळत, तरीही १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी मिळवले. मायदेशी परतल्यावर ते स्पर्धात्मक खेळापासून दूर झाले व १९६६ मध्ये निधन पावले. जागतिक महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली, ती २०२४ मध्ये.