माणिकबाग आणि महेश्वर

घर सजवावे कसे, ह्या प्रश्नाला इंदूरच्या होळकर घराण्याने दोन निरनिराळ्या काळांत दोन निरनिराळी उत्तरे दिली आहेत. एक उत्तर माणिकबागेत मिळते, दुसरे नर्मदाकाठच्या महेश्वरात. दोन्ही ठिकाणी उत्तम कारागिरीची पारख होती. तरीही एका ठिकाणची सजावट पन्नास वर्षांच्या आत पांगली, आणि दुसऱ्या ठिकाणचे विणकाम अडीचशे वर्षांनंतरही साध्यासुध्या घरांत नांदते आहे. असे का झाले, ह्याचा थोडा विचार आज करू.

आधी माणिकबाग पाहू. तुकोजीराव तिसरे १९२६ साली गादीवरून दूर झाले आणि १९३० साली यशवंतराव दुसरे ह्यांच्या हाती राज्याचा कारभार आला. महाराजांचे वय तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे. एकार्ट मुथेसियस ह्या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी त्यांचा स्नेह जडला होता. नव्या निवासस्थानाचे काम त्यालाच सांगण्यात आले. १९३३ पर्यंत ते पुरे झाले. इमारत बाहेरून साधी, पण आत त्या काळच्या युरोपातील नवीनात नवीन कल्पना नांदत होत्या. रुलमान ह्या फ्रेंच कारागिराचे मेज, आयलीन ग्रे ह्यांची आरामखुर्ची, दा सिल्वा ब्रून्स ह्यांचे गालिचे, धातूचे आणि काचेचे पलंग अशा वस्तू परदेशातून इंदुरात येऊन दाखल झाल्या. हा काही सवंग माल नव्हता. त्यामागेही निष्णात हात होते, आणि महाराजांच्या रसिकतेला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण ते हात पॅरिसला आणि बर्लिनला होते, इंदुरात नव्हते. खुर्चीचा सांधा निखळला किंवा गालिचा विरला, तर तो सांधणारा आणि विणणारा मनुष्य हाकेच्या अंतरावर नव्हता. त्या वस्तूंचा गावाशी संबंध होता तो केवळ धन्यामार्फत. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९६१ साली महाराज निवर्तले, आणि १९८० साली माणिकबागेतील निवडक सामानाचा मोनॅको येथे लिलाव झाला. राजवाड्यात केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आले. २०१९ साली पॅरिसमध्ये ह्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा जगाने त्यांचे कौतुक केले. इंदूरच्या कारागिराला मात्र त्यांतून ना धंदा मिळाला, ना नमुना.

आता महेश्वराकडे वळू. इंदूरपासून ते सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतल्यावर आपले वास्तव्य तेथे ठेवले. किल्ल्यातील त्यांच्या वाड्यात आजही त्यांची राजगादी दाखवतात. लाकडी खांबांच्या ओसरीवर पांढरी गादी आणि लोड, एवढाच तिचा थाट आहे. पण ह्याच बाईंनी ठिकठिकाणचे विणकर आणून महेश्वरात वसवले. दरबारी आहेराची वस्त्रे, पागोटी आणि नऊवारी लुगडी तेथे विणली जाऊ लागली.

ह्या विणकामाची नक्षी आली कोठून? ती किल्ल्याच्या भिंतींवरून आणि घाटावरच्या कोरीवकामावरून आली. चटई, वीट, हिरा, चमेली आणि नर्मदेची लहर ही तिची नावे. अंग साधे किंवा बारीक चौकडीचे, आणि काठ असा की तो दोन्ही बाजूंनी नेसता यावा. पूर्वी हे कापड निव्वळ सुती असे. विसाव्या शतकात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, ही रीत रूढ झाली. आपल्या घरांतून ह्या लुगड्याला अनेक जन्म मिळत. नेसून विटले की त्याचा पाळणा बांधावा, मग गोधडीचा पदर करावा, आणि शेवटी चिंध्यांनी समया पुसाव्यात. टिकाऊपणाचा हा धडा आपल्या आज्यांना कोणी पुस्तकातून शिकवला नव्हता.

राजाश्रय आटला आणि गिरण्यांचे कापड आले, तेव्हा महेश्वरचे माग एकामागून एक थंडावले. येथे इतिहासाचा एक योगायोग सांगण्याजोगा आहे. माणिकबागेचे सामान लिलावात निघाले त्याच सुमारास, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, त्याच महाराजांचे पुत्र शिवाजीराव आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर ह्यांनी महेश्वरच्या किल्ल्यात ‘रेहवा’ ही संस्था स्थापून स्त्रियांना मागावर बसवले. गेलेले सामान परत आले नाही. पण माग परत चालू झाला, कारण विणणारी घरे अद्याप गावातच होती. गिरण्यांचे म्हणाल, तर इंदूरची हुकूमचंद मिल १९९१ साली बंद पडली, आणि तिच्या कामगारांना आपल्या देण्यांसाठी २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली.

धार जिल्ह्यातील बाग गावची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेथील खत्री कुटुंबे लाकडी ठशांनी भिल्ल, भिलाला आदी आदिवासींची वस्त्रे छापीत. हिरड्यात भिजवलेले कापड, लोखंडाच्या गंजाचा काळा, तुरटीच्या योगाने उठणारा लाल, आणि नदीच्या वाहत्या पाण्यात धुलाई, अशी ती रीत. १९६० च्या सुमारास स्वस्त कृत्रिम कापडाने हे गिऱ्हाईक ओढून नेले. तेव्हा ह्या धंद्याला ज्या गोष्टींनी तारले, त्यांत शहरी घरांतील पलंगपोस आणि चादर ह्यांचा वाटा मोठा आहे. २००८ साली ह्या छपाईला भौगोलिक मानांकनही मिळाले.

म्हणून दिवाणखाना सजवताना भपक्यापेक्षा एक साधी चौकशी करावी: ही वस्तू कोणी केली, आणि उसवली तर दुरुस्त कोण करील? यंत्रमागावर विणलेली महेश्वरीची नक्कल स्वस्त मिळते. पण तिच्या स्वस्ताईची किंमत मागावर बसलेली बाई मोजते. एकदम सगळे घर बदलण्याची आवश्यकता नाही. यंदा एक चादर घ्यावी, पुढल्या दिवाळीला दोन अभ्रे, आणि सवड झाली की एक सतरंजी. मालकाचे नशीब फिरले म्हणजे राजवाडा रिकामा होतो. हजार घरांतून दरसाल एकेक वस्तू मागितली जात असेल, तर माग सहसा रिकामा होत नाही.