कमरेला बांधलेला तबला

काही वर्षांपूर्वी भिलाईच्या एका सेक्टरमध्ये, दोन खोल्यांच्या एका मराठी घरी मी पाहुणा म्हणून उतरलो होतो. यजमानांचा मुलगा एका वाद्यवृंदात ड्रम वाजवीत असे. त्याचा मोठा ढोल पलंगाखाली होता, झांजा कपाटावर ठेवलेल्या होत्या, आणि तो स्वतः उशीवर काठ्या आपटून सराव करीत होता. मी कारण विचारले तेव्हा त्याने हसून भिंतीकडे बोट दाखविले. पलीकडच्या घरातील गृहस्थ रात्रपाळी करून आलेले होते. लोखंडाची भट्टी एकदा पेटली की ती रात्रीदेखील विझवता येत नाही. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो, आणि म्हणून त्या वसाहतीत दिवसाचा असा एकही प्रहर नसतो की ज्या प्रहरी कोणी ना कोणी गाढ झोपलेले नसेल. सोव्हिएत संघाशी 2 फेब्रुवारी 1955 रोजी झालेल्या कराराने हे नगर जन्माला आले आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या इतिहासाचा एका तरुण ड्रमवादकाच्या उशीशी असा संबंध असेल, हे माझ्या ध्यानात त्यापूर्वी कधी आले नव्हते.

वास्तविक ज्याला आपण ड्रमसेट म्हणतो, तो मुळातच जागेच्या आणि पैशाच्या टंचाईतून निघालेला आहे. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात, ताशासारखा लहान ड्रम दुसऱ्याच्या, आणि झांजा तिसऱ्याच्या हातात असत. हा बँड अमेरिकेतील नाट्यगृहांत आणि नृत्यशाळांत शिरला तेव्हा तिघांना उभे राहायला जागा नव्हती आणि तिघांचे वेतन द्यायला मालक राजी नव्हता. १९०९ च्या सुमारास शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने दाबावयाचे चांगले पेडल बाजारात आणले, आणि तिघांचे काम एकटा माणूस बसून करू लागला. आपल्याकडे हे वाद्य मुंबईच्या हॉटेलांतून रुळले. 1935 साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबे यांचा जाझ वाद्यवृंद आला, आणि पुढे गोव्याच्या वादकांनी ही विद्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणापर्यंत पोहोचविली.

पण हा सेटही काही जागी मोठा ठरला. पियानो, एक गायक आणि चार टेबले एवढाच जिथे संसार, तिथे अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात ‘कॉकटेल ड्रम’ नावाचे वाद्य लोकप्रिय झाले. नाव मद्यशाळेचे असले तरी त्यामागची कल्पना मोठी शहाणी आहे. तीन पायांवर उभा केलेला एकच उंच, अरुंद ढोल. वरच्या कातड्याखाली तारा ताणलेल्या, त्यामुळे वरून कुरकुरीत, कोरडा आवाज निघतो. पेडलचा दांडा उलटा बसविलेला, त्यामुळे तो खालच्या कातड्यावर खालून वर आघात करतो आणि घुमारा निघतो. बाजूला एखादी झांज, फार तर एक लाकडी ठोकळा. वादक उभा राहून, बहुधा तारांच्या कुंच्यांनी वाजवितो. एकाच पिंपातून खर्ज आणि तार दोन्ही काढणारे हे वाद्य मोटारीच्या मागच्या बैठकीवर मावते आणि शेजाऱ्याच्या झोपेवरही थोडी दया करते.

आता, एका वाद्यातून दोन आवाज काढावेत, ते अंगावर वागवावे आणि उभ्याने वाजवावे, यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. गोंधळ्याचे संबळ हेच करीत आले आहे. तमाशातला ढोलकीवाला कमरेची ढोलकी सावरीत नाचणारणीच्या पावलाशी पाऊल मिळवितो. त्याच्या डाव्या पुडीला आतून मसाला, उजवीला वरून शाई, आणि घुमारा व चाट यांच्यामध्ये सारा फड. नागपूरहून आगगाडीने पूर्वेकडे निघाले की भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत ‘खडी गंमत’ भेटते. खडी म्हणजे उभी. तीच गाडी डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करीत भिलाईला येते, आणि त्या मुलखातील ‘नाचा’ या लोकनाट्याच्या जुन्या पद्धतीला लोक म्हणतात ‘खडे साज’. तिथे तबला वादकाच्या कमरेला बांधलेला असे, जोडीला चिकारा आणि मंजिरा. मशालीच्या उजेडात नर्तक जिकडे वळेल तिकडे हे साजिंदे त्याच्या मागे चालत. नाच्यातील प्रहसनालाही ‘गम्मत’ असेच नाव आहे.

हे नावांचे साम्य निव्वळ योगायोगाचे असेल काय? बिंबाजी भोसले 1758 पासून 1787 पर्यंत रतनपुरास होते, आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडावर भोसल्यांचाच अंमल होता. मराठी छावण्यांतील तमाशाचा संस्कार नाच्यावर झाला, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. मला तो आकर्षक वाटतो, पण आपणच सर्वांना सर्व काही दिले असे मानण्याच्या मोहापासून जपले पाहिजे. गावोगाव पायी फिरणाऱ्या कलावंताला, मग तो कोणतीही भाषा बोलो, वाद्य कमरेलाच बांधावे लागते.

हा उभा साज बसविला राजनांदगावजवळच्या रवेली गावच्या दाऊ मंदराजींनी. १९२७-२८ च्या सुमारास त्यांनी नाच्याचे संघटित मंडळ उभे केले, आणि पुढे चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली. पेटी आली आणि सारे बदलले. पेटी घेऊन नर्तकामागे धावता येत नाही. पेटीवाला बसला, म्हणून तबलजीही बसला. कमरेची गाठ सुटली. मशाली जाऊन गॅसबत्त्या आल्या आणि रंगभूमीला एक ठराविक जागा मिळाली. स्वर पक्के झाले, गाण्याला वजन आले. पण नर्तकाची पाठ सोडून तालाने एक कोपरा धरला, ही हानी मला लहान वाटत नाही. याच रवेली मंडळाच्या परंपरेतले मदनलाल, ठाकूरराम यांसारखे कलावंत पुढे हबीब तन्वीर यांनी दिल्लीला नेले. 1971 मध्ये दुर्गजवळच्या बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुखांनी ‘चंदैनी गोंदा’ उभे केले, तेव्हा तर मंचावर कलावंतांचा मोठा ताफाच आला. मोठा मंच, मोठा साज.

पंडवानीत मात्र उलटे घडले. तिच्या वेदमती शाखेत गायक बसून कथा सांगतो, कापालिक शाखेत उभा राहून. स्त्रीने गावी ती बसून, असा संकेत होता. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई उभ्या राहिल्या. तबला, ढोलक, पेटी मागे बसलेली, आणि पुढे हातातल्या तंबुऱ्याची क्षणात भीमाची गदा होते, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीही केली. साजिंदे बसले, तरी उभे राहण्याचा हक्क कोणीतरी राखलाच.

या सगळ्याची उजळणी मी त्या रात्री यजमानांच्या घरी करीत होतो. मुलाला मी कॉकटेल ड्रमविषयी सांगितले. त्याने कागदावर उलट्या पेडलाची आकृती काढून घेतली आणि जाड पत्र्याचे पिंप मिळाले तर स्वतःच जमवीन म्हणाला. पोलादाच्या गावात पत्र्याला काय तोटा! मी त्याला एवढेच सुचविले की पिंप पत्र्याचे करू नये, लाकडाचे करावे, पत्रा फार वाजतो. तेवढ्यात पलीकडच्या घरात भांड्यांचा आवाज झाला. गृहस्थ उठले होते, चहाचे आधण चढले होते. मुलाने घड्याळाकडे पाहिले, पलंगाखालून ढोल ओढून काढला, आणि पुढची पाळी घरी येईपर्यंतचा तास-दीड तास वाया जाऊ नये म्हणून तो घाईघाईने पेडल जोडू लागला.