बॅच-नियोजन

अनेक यंत्रांच्या कारखान्यात कोणती बॅच कोणत्या यंत्रावर, केवढी आणि कोणत्या क्रमाने घ्यायची हे ठरवण्याचे शास्त्र. बॅच मोठी घेतली की यंत्राची साफसफाई व जुळवणी कमी वेळा करावी लागते, पण पुढचे यंत्र मालाची वाट पाहत राहते. लहान घेतली की उलट घडते.

क्रमाचे नियम : दोन यंत्रांवरून ओळीने जाणाऱ्या बॅचसाठी एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये नियम मांडला. सर्व वेळांतील सर्वांत कमी वेळ पहिल्या यंत्रावरचा असेल, तर ती बॅच सर्वांत आधी घ्यावी; दुसऱ्या यंत्रावरचा असेल, तर सर्वांत शेवटी. उरलेल्या बॅचना हीच रीत लावावी. उदा., तीन बॅचना दोन यंत्रांवर अनुक्रमे १ व ४, ४ व ३, २ व १ तास लागत असतील, तर याच क्रमाने सारे काम ९ तासांत उरकते. उलट्या क्रमाने १३ तास लागतात. तीन किंवा अधिक यंत्रांसाठी असा सोपा व अचूक नियम हाती नाही. तेथे अंदाजी रीती व संगणक वापरतात.

साखर कारखान्यातील उपयोग : साखर कारखान्यात गाळप अखंड चालते, पण बॅच पॅनमध्ये साखरेचे स्फटिक घाणाघाणाने वाढवले जातात. ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ या प्रतींपैकी ‘सी’च्या घाण्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. घाणा तयार झाला, पण खालचा क्रिस्टलायझर भरलेला असला, तर पॅन रिकामा करता येत नाही. मग सिरपच्या टाक्या भरतात आणि शेवटी गाळप कमी करावे लागते. तोडलेल्या उसाचे वजन व साखर तासागणिक घटत असल्याने त्याचा फटका शेतकऱ्यालाही बसतो. सारे पॅन एकाच वेळी सुरू केल्यास वाफेची मागणी एकदम चढते; म्हणून ते टप्प्याटप्प्याने सुरू करतात.

मर्यादा : सर्व यंत्रे सतत चालू ठेवणे म्हणजे चांगले नियोजन नव्हे. ज्या टप्प्यावर काम अडते, त्याच्या गतीला बाकीचे टप्पे जुळवावे लागतात. अन्यथा वाढलेले उत्पादन मध्येच तुंबून राहते.