सुमात्राचे रान आणि आपल्या डब्यातले तेल



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीला संपले; पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटाच्या आधाराने. म्हणून आम्ही विषयाची सुरुवात ग्रंथापासून न करता तेलाच्या डब्यापासून करतो. हमालांच्या संघटनेचे काम करताना पंधरा किलोचे हजारो डबे पाठीवरून उतरताना आम्ही पाहिले. बहुतेकांवर 'पामोलिन' असे छापलेले असते. वड्याची कढई, फरसाणाचे दुकान, बिस्किटाचा पुडा यांपैकी कोठे ना कोठे हे तेल आपल्या पोटात जातेच. ते येते कोठून, आणि जेथून येते तेथे पूर्वी काय होते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

तेलताडाचे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. १८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला, तेव्हा लिव्हरपूलचे व्यापारी त्याच किनाऱ्यावरून हे तेल नेऊ लागले. त्याचा साबण झाला, मेणबत्त्या झाल्या, गिरण्यांच्या यंत्रांना वंगण झाले. १८४८ साली डचांनी जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती-उद्यानात या झाडाची चार रोपे लावली. त्यांच्या बियांपासून सुमात्रा बेटावर झाडे वाढली, पण पुष्कळ वर्षे ती केवळ शोभेची होती. त्यांच्यासाठी रान तोडावे असे कोणाला वाटले नाही. कारण बाजार अजून तेथे पोहोचला नव्हता.

रान तोडले ते आधी तंबाखूने. सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर देली नावाचा प्रांत आहे. १८६३ साली याकोबस निनहाउस नावाचा डच मळेवाला तेथे उतरला. त्या मातीत सिगारवर गुंडाळावयाचे उत्तम पान पिकते असे दिसून आले आणि ॲम्स्टरडॅमच्या बाजारात त्याला मोठा भाव मिळाला. या पिकाला कोरी जमीन हवी असे. रान तोडावयाचे, एक पीक घ्यावयाचे, तो तुकडा काही वर्षे पडीक टाकावयाचा आणि पुढच्या रानाला हात घालावयाचा, अशी रीत पडली. सुलतानाने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने जमिनी दिल्या. त्या रानावर जगणाऱ्या माणसांना विचारतो कोण?

आता ही कुऱ्हाड कोणाच्या हाती होती ते पाहा. आधी चीनमधून आणि मग जावातून करारावर आणलेल्या मजुरांच्या हाती. १८८० च्या कुली कायद्याने असे ठरविले की, मजुराने करार मोडला, काम नाकारले किंवा मळा सोडून तो पळाला, तर त्याला दंड किंवा तुरुंग. कामाचा करार हा दिवाणी मामला न राहता फौजदारी झाला. १९०२ साली मेदान शहरातील फान डेन ब्रांड या वकिलाने एक पुस्तिका लिहून मळ्यांवरील मारहाण आणि छळ हॉलंडच्या जनतेपुढे मांडला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' असे आपण म्हणतो. आमचा या म्हणीशी थोडा वाद आहे. दांड्याला दोष देणे सोपे असते. कुऱ्हाडीचे मोल कोण देतो, हे विचारावयाचे राहून जाते.

पुढे या इतिहासात एक चमत्कारिक वळण येते. १९३० साली अमेरिकेने जकातीचा कायदा केला. त्यात सक्तीच्या मजुरीने तयार झालेल्या मालाला बंदी करणारे कलम होते. ते काही निव्वळ कळवळ्यातून आले नव्हते. अमेरिकेतील तंबाखू उत्पादकांना स्पर्धा नको होती, हेही त्यात होते. पण देलीच्या पानाचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत होते. जे वर्षानुवर्षांच्या तक्रारींनी झाले नव्हते ते आता होऊ लागले. १९३१ पासून तुरुंगाचे ते कलम टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले. मंदीमुळे मजूर मुबलक झाले होते, हेही त्याला साहाय्यभूत झाले. तरी तात्पर्य एवढे की, दूरच्या गिऱ्हाइकाने 'हा माल कसा पिकला?' असे विचारले, तर मळ्यावरचा कायदा हलतो.

१९११ साली आद्रियँ हाले या बेल्जियन माणसाने सुमात्रात तेलताडाचा व्यापारी मळा घातला आणि शोभेचे झाड बाजारात उतरले. मात्र खरा विस्तार झाला तो सुहार्तो यांच्या राजवटीत आणि तिच्यानंतर. १९९० च्या सुमारास इंडोनेशियात तेलताडाखाली सुमारे ११ लाख हेक्टर जमीन होती. २०१९ च्या सरकारी आकड्याप्रमाणे ती १ कोटी ६३ लाखांवर गेली. ही सारीच जमीन रान तोडून मिळाली असे नव्हे. काही जुने रबराचे मळे होते. पण सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरील फार मोठे रान यात गेले. दलदलीच्या रानातील पाणी चर खणून काढले की तेथली माती वाळते आणि जळणासारखी पेट घेते. १९९७-९८ साली आणि पुन्हा २०१५ साली तेथे वणवे लागले. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०१५ साली २६ लाख हेक्टर जमीन जळाली. तिचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पसरला.

येथे आपला संबंध येतो. १९८६ साली भारत सरकारने तेलबियांची मोहीम काढली आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत देश खाद्यतेलात जवळजवळ स्वावलंबी झाला. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. त्यानंतर स्वस्त तेल येत राहिले आणि आपली करडई, आपला भुईमूग मागे पडत गेला. आज जगात सर्वांत जास्त पामतेल विकत घेणारा देश आपला आहे. २०२३-२४ च्या तेलवर्षात सुमारे ९० लाख टन आले. युरोपनेही ते मोटारीत जाळले आणि इंडोनेशिया स्वतः ते डिझेलमध्ये मिसळतो, हे खरे. पण म्हणून आपला हिशेब चुकता होत नाही.

हा विषय आम्ही आमच्या हमालांच्या सभेत काढला तेव्हा एकाने विचारले, "अण्णा, तिकडचं रान वाचवायला आमच्याच घरची फोडणी महाग करायची का?" प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात काही आठवडे रोखली, तेव्हा भावाच्या नुसत्या धास्तीने घराघरांत चिंता पसरली होती. शिवाय तेलताड हेक्टरी सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतो. त्यावर सरसकट बहिष्कार घातला, तर तेवढ्या तेलासाठी दुसरीकडे अधिक जमीन लागेल. त्या मळ्यांपैकी मोठा वाटा लहान शेतकऱ्यांचा आहे. त्यांच्याही चुली त्यावर पेटतात.

म्हणून तेल बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, १९३० सालचा तो प्रश्न आता आपण विचारावा. युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला : ३१ डिसेंबर २०२० नंतर रान तोडून पिकविलेले पामतेल, सोयाबीन, कॉफी, कोको, रबर घेणार नाही. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली गेली, कारण माल विकणाऱ्यांप्रमाणे तो घेणाऱ्यांचाही विरोध आहे. सर्वांत मोठे गिऱ्हाईक असूनही आपण मात्र अजून भावापलीकडे काही विचारलेले नाही. तेल जहाजांनी आणणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांना माल कोणत्या मळ्याचा हे सांगण्याची सक्ती करावी. लावलेल्या मळ्यांतच उत्पन्न वाढवावे, नवे रान घेऊ नये, असा आग्रह धरावा. आणि आपल्या करडई-भुईमुगाच्या शेतकऱ्याला टिकेल असा भाव द्यावा. याचा बोजा हमालाच्या फोडणीवर पडू नये, हे पाहणे संघटनांचे काम आहे.

देलीचा मजूर आणि आमचा हमाल यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. एकाने तोडलेल्या रानातला माल दुसऱ्याच्या पाठीवर येतो, एवढीच त्यांची ओळख. ती ओळख अधिक वाढावी, एवढ्यासाठी आपला वेळ घेतला.