सुधारित इंजिनाचे ट्यूनिंग आणि स्मॉग चेक

मोटारीच्या मूळ इंजिनात वेगळ्या घडणीचा कॅमशाफ्ट, मोठे इंजेक्टर किंवा टर्बोचार्जर बसवल्यावर इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ नव्याने जुळवण्याच्या कामास ट्यूनिंग म्हणतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८४ पासून ‘स्मॉग चेक’ ही सामान्यतः दर दोन वर्षांनी होणारी धूर-तपासणी लागू असल्याने तेथे हे काम अभियांत्रिकीइतकेच कायद्याचेही आहे.

पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही तिन्ही प्रदूषके एकत्र निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या अगदी जवळ नीट चालतो; उलट पूर्ण थ्रॉटलवर सर्वाधिक शक्ती १२.५ च्या आसपास, म्हणजे इंधन जास्त असलेल्या मिश्रणावर मिळते. तरीही दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, कारण मध्यम भारावर इंजिनाचा संगणक ऑक्सिजन सेन्सरच्या संकेताने मिश्रण सतत १४.७ पाशी आणत राहतो आणि पूर्ण थ्रॉटलवर तो संकेत बाजूला ठेवतो.

ट्यूनरचे खरे कौशल्य आयडलिंगला दिसते. झडपा अधिक काळ एकत्र उघड्या ठेवणाऱ्या कॅमशाफ्टमुळे मंद गतीला काही मिश्रण न जळताच बाहेर पडते आणि हायड्रोकार्बन वाढतात. शिवाय त्यासोबत गेलेला ऑक्सिजन पाहून सेन्सर मिश्रणात इंधन कमी असल्याचा चुकीचा निर्वाळा देतो, संगणक आणखी इंधन सोडतो आणि दोष वाढत जातो. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र ज्वलनाच्या अतिउच्च तापमानात तयार होत असल्याने ठिणगी फार आधी पाडणे किंवा निकास वायूचा अंश सिलिंडरात परत फिरवणारी ईजीआर यंत्रणा बंद करणे त्यांना पोषक ठरते.

केवळ धूर स्वच्छ असणे पुरेसे नाही. राज्याच्या वाहन संहितेचे कलम २७१५६ उत्सर्जन-नियंत्रणात ढवळाढवळ करणाऱ्या सुट्या भागांना मनाई करते. कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने चाचणीअंती ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ क्रमांक देऊन सूट दिलेले भागच, आणि तेही आदेशात नोंदलेल्या गाड्यांवरच, वैध ठरतात. २००० सालच्या व नंतरच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी मुख्यतः संगणकाशी जोडणी करून होते. बॅटरी काढून किंवा दोषसंकेत पुसून गाडी लगेच नेल्यास संगणकाच्या स्व-चाचण्या अपूर्ण राहतात आणि गाडी नापास होते. जुलै २०२१ पासून संगणकातील आज्ञावलीचा पडताळणी क्रमांकही तपासला जात असल्याने तपासणीपुरते काम साधणारे अनधिकृत ट्यूनिंग आता सहज उघडे पडते, आणि ही सुधारणा आवश्यकच होती.

इंजिनच बदलायचे असल्यास ते गाडीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, त्याची सर्व उत्सर्जन-नियंत्रण साधने सोबत बसवावी लागतात आणि ‘रेफरी’ या अधिकृत केंद्रात गाडी दाखवावी लागते. १९७५ सालच्या व त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्या या तपासणीतून वगळल्या आहेत.